तुझ्या कादंबरीतला पट्टा

ती. दादा,

नमस्कार. मनापासून नाही, रीत म्हणून करते. फोनवर तू मध्येच तोडलं असतंस, म्हणून पत्र.

इकडे सगळे बरे आहोत. ध्रुवचा खोकला गेला. आईचा गुडघा कसा आहे?

येलहंक्यात आमच्या सोसायटीच्या मराठी मंडळात तुझ्या कादंबरीवर चर्चा झाली. कामवाल्या बायकांच्या मनगटाला पट्टे बांधणारं ते भयाण शहर वाचून लोकांची झोप उडेल, असं तुला वाटलं होतं. कुणाची उडाली नाही. सेक्रेटरी विलासराव उठून म्हणाले, "लेखकाने फार व्यवहार्य योजना सुचवली आहे." टाळ्या पडल्या, आणि पंधरवड्यात पट्टे आले. बाई जरा टेकली की पट्टा वाजतो. तेही तुझ्याच पुस्तकातलं.

आमच्या कानडी कामवाल्या कावेरीनं तो बांधायला नकार दिला, तर तिला गेटवरच अडवलं. "अक्का, स्वल्प बसलं तर काय बिघडलं?" म्हणून रडत होती. मी भांडले, तर विलासराव हसून म्हणाले, "अहो, तुमच्या भावाचीच कल्पना!"

तुला पुरस्कार मिळाल्याचं कळलं. अभिनंदन करणार नाही.

वाचून कोणी घाबरलं का, असं तू विचारलं होतंस. एकटी कावेरी घाबरली. तिला मराठी वाचता येत नाही.

आईला जप.

तुझीच बहीण, नाइलाजानं,
शाल्मली