जमिनीला लावलेला कान

१४ मार्च, दुपार

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनी जिने चढू देत नसेलच. मी बरी आहे. वेळेवर जेवते, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

बातमी अशी, की आमचं यान मंगळावर नीट उतरलं. त्यावर सहा उपकरणं आहेत. एक हवा मोजतं, एक माती भाजून तिचा वास घेतं. माझं डब्याएवढं, जमिनीचे हादरे टिपणारं. यानाच्या हाताने ते अलगद खाली ठेवलं, वर झाकण घातलं. पंचवीस दिवस नुसता वारा. साहेब म्हणाले, "तुमचं बाळ बहिरं निघालं की काय?" सगळे हसले. मीही हसले.

काल सकाळी पहिला हादरा आला. पडद्यावरची रेघ थरथरली, टाळ्या पडल्या, कुणी केक आणायला धावलं. मी जिन्यात जाऊन बाबांचा नंबर लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं ती बाई दोनदा म्हणाली. बिघडलेल्या इंजिनाला पाना टेकवून त्याचं दुसरं टोक कानाशी धरणारा माणूस तो. मी काय करते, हे न सांगता कळलेला एकटाच.

दादा, आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहिते. बाबा दवाखान्यात असताना तू फोनवर म्हणालास, "बाबा सारखं तुला विचारताहेत. निघ." मी म्हणाले, "उपकरण थंडीच्या चाचणीत आहे, माझ्याशिवाय कुणाला जमणार नाही." खोटं होतं ते. जमणारे चौघे होते. साहेबांनी स्टेशनपर्यंत गाडीसुद्धा सांगितली होती. मीच परत पाठवली. बाबांना नळ्या लावलेलं बघायचा धीर झाला नाही. तीन दिवस चाचणीच्या काचेसमोर नुसती बसून होते. चौथ्या दिवशी तुझा निरोप आला, एका ओळीचा.

तू सगळ्यांना सांगितलंस, "तिचं कामच तसं आहे." लोकांसमोर माझी बाजू घेतलीस आणि माझ्याशी बोलणं टाकलंस. तुला तेव्हाच कळलं होतं ना? दोन वर्षं झाली.

शनिवारी सकाळी पोचते. चार दिवसांची रजा आहे. वहिनीला वेगळं काही करायला सांगू नकोस. तुला रागवायचं तेवढं रागव, पण समोर बसून रागव.

तुझीच,
वेळेवर न आलेली बहीण