कार्थालाच्या अंगाखांद्यावर

२ डिसेंबर २००५

चि. सोईलिहीस, ताईच्या दुआ. वि. वि.

तिकडे मार्सेयला कळलं असेलच, आपला कार्थाला डोंगर पुन्हा पेटला. एप्रिलमध्ये राख पडली तेव्हा वाटलं, सुटलो आता काही वर्षं. कसलं काय. छप्पर झाडून कंबर मोडली, पण टाकीचं काय करू? साठवलेलं पावसाचं पाणी काळंमिट्ट झालंय. दुसरं पाणी आपल्या बेटावर कुठलं, नदी ना नाला.

खरा घोर फौझियाचा. भाचीसाठी तू परदेशात राबून हे घर उभं केलंस, आणि आता लग्न तोंडावर आलं तर मुलाकडचे मोरोनीहून निरोप धाडतात, की आमचा मुलगा त्या डोंगराखाली नांदायला यायचा नाही, मुलीलाच शहरात पाठवा. नवऱ्याने बायकोच्या घरी राहायचं, ही आपली रीत त्यांना आजच जड झाली. मामा तू आहेस, काय ते तूच सांग. मी थकले रे.

जीव लावतोस तसाच लाव.
तुझी ताई, झलहाता

मार्सेय, १५ डिसेंबर

ती. ताईस, सलाम वि. वि.

पत्र मिळालं. मला विचारशील तर निघ. पोरीला पाठव आणि तूही तिच्यामागे मोरोनीला जा. पणजीच्या काळी डोंगराच्या विषारी वाफेने माणसं गुदमरून मेली. सत्त्याहत्तर साली सिंगानी गावात लाव्हा घरांतून गेला. आपण बघायला गेलो होतो, तर वाट कुठली नि अंगण कुठलं कळेना. तरी तू नेहमी त्या डोंगराचीच बाजू घेत आलीस, जणू तुझा सख्खा आजा लागतो.

घराचा मोह सोड. मी बांधलंय, मीच सांगतोय.

राग मानू नकोस, पत्र मात्र धाड.
तुझाच सोईलिही

९ जानेवारी २००६

चि. सोईलिहीस, दुआ. वि. वि.

मोरोनीला जा म्हणतोस. अरे शहाण्या, मोरोनी तरी कुठे आहे? बंदरातले काळे खडक कुणाच्या पोटातून आले? निम्म्याहून जास्त बेट म्हणजे तोच की. त्याच्या खांद्यावरून उठून पायाशी बसायचं, याला पळणं म्हणत नाहीत.

फौझियाला मात्र धाडली. मुलगी नांदायला गेली म्हणून बायका तोंडावर बोलल्या. बोलू देत. मुलगा वाईट नाही. स्वतः टाकीत उतरून गाळ उपसला, खोकून बेजार झाला, पण इथे राहतो असं काही म्हणाला नाही. बळजबरी कशाला करू.

मी राहिलेय. का, ते ऐक. तिकडे तुझ्या खोलीत राहणारा हमादी गेला, त्याच्या मयताची पेटी तूच विमानात चढवलीस. इथे काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. त्याची बहीण एप्रिलच्या राखेनंतरच मोरोनीला गेलेली, घराला कुलूप. पेटी मशिदीच्या ओट्यावर ठेवून लोक एकमेकांना विचारत होते, हा कुणाच्या दारात न्यायचा. शेवटी मी आपल्या घरात घेतला. रडायलाही मीच, परकी. आपल्या बाप्यांना स्वतःचं घर नसतं रे. आई गेली की बहिणीचंच दार. मीही कुलूप घालून गेले तर तुला कुठे उतरवतील?

म्हणून बसलेय इथे, डोंगराच्या तोंडाशी. कंटाळा येतो, भीतीही वाटते. पण पेटीतूनच यायला हवं असं काही नाही. एकदा आपल्या पायांनी ये.

वाट बघणारी,
ताई