चारही चाकांना ताकद

३ मे, रविवार

शॉन आज जहाजावर गेला. आता थेट दिवाळीनंतर येणार. निघताना गाडीची चावी एथेलच्या हातात दिली, माझ्या नाही. घाईत चुकला असेल. तिला म्हणाला, मम्मी, आठवड्यातून एकदा नुसती चालू करून ठेव, पप्पांना चालवायला देऊ नकोस. पोराला बापाची काळजी आहे.

गाडी कोरी करकरीत. मिडसाइज, पाच माणसांची, ऑल-व्हील-ड्राइव्ह. म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना. अशी गाडी गावठाणात उभी करून नुसती गुरगुरवायची? घोडा दारात बांधून चणे चारण्यासारखं आहे. ठरवलं. गाडीचं रीतसर मूल्यमापन करायचं. कंपनीत असताना व्हॅन चालवायचो, अनुभव आहेच. एथेल म्हणाली, त्याला जमाना झाला. मी म्हणालो, पोहणं आणि गाडी माणूस विसरत नाही.

(मला पोहता येत नाही. पण मुद्दा तोच.)

५ मे, मंगळवार

एथेलचा गुडघा फेब्रुवारीत बदलला. व्हॅलेन्सिया तिला रिक्षाने व्यायामाला घेऊन गेली. पोरगी हुशार आहे, फक्त बापाच्या बाबतीत शंकेखोर. दोघी गेल्यावर फ्रिजवरची चावी घेतली.

रिव्हर्स. गाडी बीप बीप करायला लागली. मागे फक्त भिंत होती. सेन्सर घाबरट.

मरोळ गावठाणातली आमची गल्ली बैलगाडीच्या मापाची आहे, हे मान्य. डावा आरसा नंदकुमारच्या ओट्याला घासला. तो बनियनवर बाहेर आला आणि म्हणाला, काका, आरसे मिटायचं बटण असतं ना. नोंद: आरसे गरजेपेक्षा जास्त बाहेर काढलेत. डिझाइनचा दोष. ओरखडा भिंतीच्या बाजूला येईल अशी गाडी लावली. आता दिसत नाही, म्हणजे जवळजवळ नाहीच.

९ मे, शनिवार

साकीनाका, पवई, परत.

पिकअप: पाय दाबला की आधी विचार करते, मग एकदम उसळते. ब्रेक: अत्युत्तम. मागच्या टेम्पोवाल्याचं मत वेगळं होतं. काचा बंद असताना केबिन फार शांत, त्याचे फक्त ओठ हलताना दिसले. स्टिअरिंग: गाडी आपणहून लेनमध्ये ओढते. मी डावीकडे, ती उजवीकडे. दोघंही हट्टी.

पवईच्या चढावर मुद्दाम थांबून ब्रेक सोडला. गाडी इंचभरही मागे आली नाही. झकास! शर्ट मात्र पाठीला चिकटला. एसी कमी पडतो.

घरी आलो तर एथेल दारात. कुठे होतास? म्हटलं, पवईला. तिने गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आत गेली. ओरडली नाही. म्हणजे हळूहळू तयार होतेय.

१४ मे, गुरुवार

रस्त्यावर ऑल-व्हील-ड्राइव्हची खरी परीक्षा होतच नाही. त्याला वाळू पाहिजे. रविवारी गोराईला एथेलच्या बहिणीकडे जेवण आहे. योगायोग.

एथेलला टॅक्सी हवी होती. मी समजावलं की या गाडीची सीट उंच आहे, गुडघा वाकवावा लागत नाही. ते तिला पटलं. पण म्हणाली, सरळ घरी जायचं, बर्नार्ड. मधेच तुझे प्रयोग नकोत. शब्द दिला. व्हॅलेन्सियाला गेल्या वर्षी लायसन्स मिळालंय, ती म्हणाली मी चालवते. म्हटलं, येताना बघू.

१७ मे, रविवार, सकाळी

हायवेवर गाडी म्हणजे लोणी. काशिमिऱ्याला वळून भाईंदर, उत्तन. वळणावर जराही डुलत नाही. एथेलने दारावरचं हँडल सबंध रस्ताभर सोडलं नाही. हँडलही मजबूत.

गोराईला लवकर पोहोचलो. जेवणाला वेळ आहे. होड्या उतरवतात तो उतार समोरच दिसतोय. दोन मिनिटांचं काम.

तोच दिवस, वाळूवर

गाडी थांबली आहे.

एथेल म्हणाली होती, नको. व्हॅलेन्सिया म्हणाली होती, पप्पा, काल अमावस्या झाली, आज उधाणाची भरती आहे. पाणी तेव्हा लांब होतं. सुरुवात तर इतकी छान झाली की मी आणखी थोडा पुढे गेलो. मग वळवायला लागलो आणि बसली.

ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. चारही चाकं सारखीच रुतली. म्हणजे ताकद चारही चाकांना जाते, हे सिद्ध झालं.

व्हॅलेन्सिया उतरून बघून आली. वाळू खाली दाराला टेकलीय म्हणाली. लोकांना बोलावते. मी बजावलं, कोणाला बोलवायचं नाही, मावशीच्या गावात शोभा होईल. ती माझं पुरतं न ऐकताच पळाली.

थोड्या वेळाने

पाणी पुढच्या चाकाशी आलं, परत गेलं. एथेलला उतरवून बघितलं. काठी वाळूत घुसते, पाऊल उचलत नाही. दोन पावलांत तिचा चेहरा पांढरा पडला. परत सीटवर बसवली. सीट खरंच उंच आहे.

लिहिलं की डोकं शांत राहतं.

एथेल म्हणाली, "लिहितोयस काय?"

म्हटलं, निरीक्षणं.

"बर्नार्ड, मला पोहता येत नाही. आणि आता चालताही येत नाही."

मी म्हटलं, एकदा शेवटचं बघतो. दाबला. गाडी ओरडली, मागून वाळूचा फवारा उडाला, आणि माझी बाजू आणखी खाली गेली.

"बंद कर."

बंद केली. ती डोळे मिटून 'नमो मरिये' म्हणायला लागली. या वेळची लाट परत गेली नाही. इंजिन बंद असूनही स्टिअरिंग थरथरतंय. दाखवून घ्यायला हवं.

तोच दिवस, संध्याकाळी

व्हॅलेन्सिया अर्धी वाडी घेऊन आली. पुढे होड्या ओढायचा ट्रॅक्टर, मागे मावशीकडची माणसं. एकाने प्लास्टिकची खुर्ची आणली होती. गुडघाभर पाण्यात चौघांनी एथेलला खुर्चीवर बसवलं आणि खांद्यापर्यंत उचलून किनाऱ्यावर नेलं. सणाला मदर मेरीची मिरवणूक निघते, तशी. ती सरळ समोर बघत होती. मी मागून तिच्या चपला घेऊन चालत होतो.

दोर बांधल्यावर स्टिअरिंगवर कोणीतरी हवं होतं. मी पुढे झालो. ट्रॅक्टरवाला म्हणाला, काका, तुम्ही नको, पोरीला बसू द्या. बसली. ट्रॅक्टरने ओढलं, गाडी आधी हललीच नाही, दोर ताणून काठीसारखा झाला, आणि मग फचकन सुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्हॅलेन्सियासाठी असाव्यात.

मावशीने पिठाचे तळलेले फुगे आणि आमच्या बाटली मसाल्याचं मटण वाढलं. एथेलने एक घास खाल्ला नाही. येताना आम्ही टॅक्सीने आलो. गाडी दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून आली. ऑल-व्हील-ड्राइव्हला असंही जमतं.

१८ मे, सोमवार

एथेल बोलत नाही. चहा दिला तर घेते. साखर बरोबर आहे का विचारलं, कप खाली ठेवला.

शॉनचा जहाजावरून फोन आला. मी गाडीचे सगळे गुण सांगायला सुरुवात केली. तो म्हणाला, पप्पा, मम्मी खुर्चीवर होती तेव्हा पाणी कुठपर्यंत होतं? म्हटलं, फार नाही. तिकडून फोन कट झाला. रेंज नसेल.

२० मे, बुधवार

गॅरेजवाल्याने खालून धुऊन दिली. म्हणाला, आणखी थोडं पाणी चढलं असतं तर वाट लागली असती. गाडीची म्हणाला.

एथेल अजून बोलत नाही. मूल्यमापनाचा निष्कर्ष काढायचा होता. सुचत नाही.

२२ मे, शुक्रवार

एथेलला व्यायामाला न्यायचं होतं. व्हॅलेन्सिया स्टिअरिंगवर, एथेल पुढे. मी मागे. मागून मूल्यमापन राहिलंच होतं, म्हणून काही बोललो नाही.

पाय ठेवायला जागा भरपूर. एसी इथेही येतो. पोरगी गल्लीतून निघताना आरसे मिटते, गाडी एकदाही बीप करत नाही. साकीनाक्यावर कोणी शिवी दिली नाही. एथेलने हँडल धरलं नाही. हात मांडीवर होते.

क्लिनिकशी पोहोचलो. व्हॅलेन्सिया उतरली. मी दाराची कडी ओढली, उघडेना. पुन्हा ओढली. दोष लिहून ठेवणार होतो. व्हॅलेन्सिया काचेबाहेरून म्हणाली, पप्पा, चाइल्ड लॉक आहे. मम्मीने लावायला सांगितलं.

बसून राहिलो. एथेल काठी टेकत, एकेक पाऊल टाकत गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आली. बाहेरून दार उघडलं.

"उतर," म्हणाली.

रविवारनंतरचा पहिला शब्द. उतरलो. तिने माझा दंड धरला. घट्ट.