भोंग्यातले बाबा

२ मार्च
परत गेली ती प्रचाराची रिक्षा! बाबा जाऊन चार महिने झाले. त्यांच्याच सरपंचकीची पोटनिवडणूक, आणि भोंग्यातून बोलतायत कोण — बाबाच! "गाववाल्यांनो, माझ्या विपुलला सांभाळून घ्या." अंगावर काटाच आला.
हे काम सदाकाकांचं. बाबांचा उजवा हात ना! हल्ली मशीनला दोन जुनी भाषणं ऐकवली की मेलेला माणूसही हवं ते बोलतो. मधे खोकलासुद्धा घातलाय हरामखोरांनी. पण एक चुकलंच. बाबा मला कधी "माझा विपुल" म्हणाले? कॉलेज सोडलं तेव्हापासून "ए टोळभैरवा" शिवाय हाक नव्हती.

४ मार्च
सदाकाकांनी अर्ज भरायला लावलाच. "अरं, विलायतंत पन बापामागं लेक पुढारी व्हतो. तू कशाला लाजतोस?"
केली सही.

५ मार्च
भाविका जेट्टीवर भेटली. भेटल्याबरोबर एकदम, "तुझ्या आईनं जन्मभर कार्यकर्त्यांचा चहा उकळला. मला नाही उकळायचा. अकरा तारखेला माघार घे. नाहीतर घरचे बघतायत ते स्थळ बघू देत."
चिडली की काय दिसते! तिच्यासाठी ही खाडी पोहून जाईन. सरपंचकी कसली घेऊन बसलात.
"घेतली म्हणून समज," म्हणालो.

७ मार्च
मिठागराच्या बांधावरून आवाज यायला लागला की आई कुकरखालचा गॅस बंद करते. शिट्टीत शब्द बुडू नयेत म्हणून!
"आये, मशीन हाय ती!" मी ओरडलो.
"असू दे. बोलतंय ना."

८ मार्च
फोडला भोंगा! रिक्षावाला धर्माजी बोंबलत राहिला — "येड्या, भाड्याचा हाय रं तो!" दगड घातला तेव्हा बाबा "माझ्या" पर्यंत आले होते. तिथंच तुटले.
भाविकाचा मेसेज: शाब्बास.
आईनं ताट वाढलं. आत निघून गेली.

९ मार्च
रिक्षा बंद. तरी ऐकू येतं. आवाज बुडावा म्हणून पाण्याचा पंप चालू केला, तरी.

१० मार्च
सदाकाका आले. वाटलं, भोंग्यावरून भांडणार. चहाही घेतला नाही.
"मशीन कसली रं? आमाला येतंय व्हय मशीन चालवाया! दवाखान्यात तोंडावरचा मास्क काढून माझ्या फोनवर रेकार्ड करत बोलला तुजा बापूस. नर्स वरडत व्हती."
"मला का नाही सांगितलं?"
"त्यानंच सांगू दिलं न्हाय. म्हनला, पोरगा चिडका हाय. मी सांगितलंय कळलं, तर मुद्दाम उभा राहायचा न्हाय."

११ मार्च
माघारीची मुदत तीनपर्यंत होती. भाविका तहसील कचेरीबाहेर थांबली होती म्हणे.
मी गेलो नाही.