दादाचे एक्केचाळीस सेकंद

ती. स्व. दादास,

वाकून नमस्कार. (पूर्वी साष्टांग घालत असे, हल्ली आधी कंबरेची परवानगी काढावी लागते आणि ती मिळत नाही.) तुझी प्रकृती ठणठणीत असेल आणि वहिनींचा दुखरा खांदा आता वरच्या फळीवरच्या डब्यापर्यंत पोचत असेल, अशी आशा करतो. आम्ही सगळे बरे आहोत. हिचं ब्लडप्रेशर ताब्यात आहे आणि मी हिच्या. खुशाली फोनवरच विचारली असती, पण गेल्या तीन महिन्यांत मी चारदा फोन केला आणि चारही वेळा वहिनी म्हणाल्या, की तू आंघोळीला गेला आहेस. एकदा सकाळी, दोनदा दुपारी आणि एकदा ऐन संध्याकाळी. इतका स्वच्छ माणूस आपल्या घराण्यात आजवर झालेला नाही. म्हणून पत्र लिहितो आहे. अंग पुसून झालं की सावकाश वाच.

पहिली बातमी दुकानाची. तू यायचा थांबल्यापासून शनिवार दुपारची आपली बैठक मोडकळीला आली आहे. ‘नाटक’ हा विषय निघतो (आपल्यात नाटक म्हणजे ते एकच, बाकीच्यांना नावं असतात), पण रंगत नाही. तुझं मत असं, की पहिल्या संचातल्या बापाला तोड नाही. अकरा वर्षांनी परत आलेला मुलगा दारात उभा राहून ‘मी आत येऊ का?’ असं विचारतो, बाप एक्केचाळीस सेकंद नुसता उभा राहतो आणि मग म्हणतो, ‘दार उघडंच होतं.’ दातांच्या डॉक्टरांचं मत असं, की दुसऱ्या संचातला बाप थोर, कारण तो बाविसाव्या सेकंदालाच बोलतो, पण बोलण्याआधी हातातला पेला खाली ठेवतो आणि ठेवताना त्याचा हात थरथरतो. या एका पेल्यावरून तुम्ही दोघं माझ्या दुकानात वीस वर्षं भांडलात. मी गिऱ्हाइकाला तक्त्यावरची खालची ओळ वाचायला सांगितली, की ते म्हणायचं, ‘थांबा हो, पेल्याचं काय झालं ते ऐकू द्या आधी.’ आता डॉक्टर एकटेच येतात, पेल्याचं कौतुक करतात आणि विरोधाला कोणी नाही म्हणून हिरमुसतात. गेल्या शनिवारी तर त्यांनी तुझी बाजूही स्वतःच मांडली. चांगली मांडली. इतकी चांगली, की शेवटी ते हरले आणि तणतणत निघून गेले. त्या गडबडीत मी एका शिक्षिकेचा चष्मा एका सुताराला दिला आणि सुताराचा शिक्षिकेला. दोघांपैकी कोणीही तक्रार घेऊन आलेलं नाही. यावरून मी माझ्या धंद्याविषयी काय समजायचं, ते तूच सांग.

आता त्या रविवारच्या प्रयोगाकडे येतो. (यायचं नव्हतं, पण किती वळसे घालणार?) आमच्या धाकटीने ‘नाटक’ बसवायला घेतलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तुला झाला होता. संहितेची जुनी प्रत तिला तूच दिलीस, समासातल्या तुझ्या मोजमापांसकट. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजून तुझं पोट भरलं, पण मन भरलं नाही, म्हणून तू नाटकातल्या शांतताही मोजत आलास. धाकटीने ती सगळी मोजमापं आदराने वाचली आणि एकही पाळलं नाही. तिचं म्हणणं, बाप नऊ सेकंदांत बोलेल. अकरा वर्षं वाट बघितलेला माणूस दार वाजल्यावर आणखी कशाला वाट बघेल? मला ते पटलं होतं. पण तुझ्यासमोर मी मूग गिळून बसलो, आणि तिच्यासमोर तुझ्या बाजूने मान हलवली. सगळ्यांशी गोड राहायची ही माझी सवय तुला माहीतच आहे. त्यातून आजवर कोणाचंही भलं झालेलं नाही.

बापाचं काम आपले ग्रंथपाल करत होते. मुलगा दारात आला, त्याने विचारलं, सभागृह चिडीचूप झालं. नवव्या सेकंदाला ग्रंथपालांनी तोंड उघडलं आणि तिसऱ्या रांगेत तू उभा राहिलास: ‘थांबा! अजून बत्तीस आहेत!’ दादा, रागावू नकोस, पण तुझा आवाज शेताच्या दुसऱ्या टोकाला साखळी धरून उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचायला तयार झालेला आहे. आणि ग्रंथपालांचं सगळं आयुष्य सूचना पाळण्यात गेलेलं. त्यांनी तोंड मिटलं आणि थांबले. खरोखर थांबले! मुलाचं काम करणारा एक पाय आत टाकून तसाच ताटकळला. लोक घड्याळं बघायला लागले. मागच्या रांगेत कोणीतरी पुटपुटत उलटं मोजत होतं. ते ‘दहा, नऊ, आठ’वर आलं तेव्हा निम्मं सभागृह त्याला सामील झालं. शून्याला ग्रंथपाल म्हणाले, ‘दार उघडंच होतं,’ आणि असा टाळ्यांचा कडकडाट झाला, की त्या वाक्याला तो पहिल्या संचातही झाला नव्हता. (हे डॉक्टरांनीही कबूल केलं आहे, पण लेखी द्यायला तयार नाहीत.)

त्या टाळ्या चालू असतानाच द्वारपालाने तुला दंडाला धरून बाहेर आणलं. मी दाराशीच होतो, तिकिटं फाडायच्या कामावर. त्याने मला विचारलं, ‘हे तुमच्यापैकी आहेत का?’ आणि मी म्हणालो, ‘नाही. मी ओळखत नाही यांना.’

हे एवढं वाक्य लिहायला मला तीन महिने लागले. बासष्ट वर्षं मी तुला ओळखतो. तूच मला विहिरीत ढकललंस, तूच बाहेर काढलंस आणि तूच घरी सांगितलंस की याला पोहता येतं. पण त्या क्षणी मला फक्त धाकटीच्या पहिल्या प्रयोगाचा झालेला विचका दिसला आणि तो आपल्याच माणसाने केला, याची लाज वाटली. तू चष्मा काढलास, पुसलास, पुन्हा घातलास आणि जिना उतरून गेलास. ओरडला असतास तर बरं झालं असतं, मीही ओरडलो असतो. मी चुकलो, दादा. फार चुकलो. तेव्हापासून दुकानात कोणी चष्मा पुसायला लागलं, की मी आत जाऊन उगाच काहीतरी शोधतो.

वहिनींना नमस्कार सांग. त्यांना म्हणावं, पाचवा फोन मी रात्रीच्या जेवणाच्या वेळी करणार आहे, तेव्हा दुसरं काहीतरी कारण शोधून ठेवा.

तू अजून मानत असशील तर,
तुझाच मामेभाऊ

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. ग्रंथपालांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, आणि ‘नाटका’चा पुढचा प्रयोग दीड महिन्यावर आला आहे. धाकटी तुझ्यावर रागावलेली नाही. ती म्हणते, ‘त्या दिवशी अख्ख्या सभागृहात जीव ओतून नाटक बघणारा एक काकाच होता.’ तिला बापाच्या कामाला तू हवा आहेस. संहिता तुला तोंडपाठ आहे आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंतच काय, पार्किंगपर्यंत जातो. ती स्वतः विचारायला येणार होती, मी म्हटलं, आधी मला माझं निस्तरू दे. सेकंदांचं तुम्ही दोघं बघून घ्या. मला मध्ये घेऊ नका. प्रॉम्प्टिंगला मी आहे.

ता. क. दुसरा : प्रॉम्प्टिंगला मी आहे म्हटल्यावर तुला एक गोष्ट सांगून ठेवणं माझं कर्तव्य आहे. पहिल्या संचालाही विंगेत पुस्तक धरून मीच होतो. संहितेत त्या जागी फक्त ‘किंचित थांबून’ एवढंच आहे, हे तुला माहीत आहे. जे माहीत नाही ते असं, की पहिल्या प्रयोगात त्या थोर नटाला पुढचं वाक्य आठवेना. तो माझ्याकडे बघत होता. (त्या नजरेत एका पिढीचा पश्चात्ताप आहे, असं तू चाळीस वर्षं सांगत आलास. तिच्यात ‘अरे मूर्खा, वाक्य दे’ एवढंच होतं.) आणि मी बघत होतो समोरच्या विंगेत, शिंपीणबाईंची मुलगी कोटाला इस्त्री करत होती तिच्याकडे, म्हणजे आमच्या हिच्याकडे. शेवटी त्याला आपलं आपणच आठवलं. दुसऱ्या दिवशी त्या शांततेवर वर्तमानपत्रात अर्धा रकाना छापून आला, आणि नटाने मला बोलावून सांगितलं, ‘यापुढे हे असंच.’ मी हे कधी बोललो नाही, कारण तू ती शांतता इतकी सुंदर वर्णन करून सांगायचास, की मलाच ती खरी वाटायला लागली होती. डॉक्टरांना कळू देऊ नकोस.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवण्याआधी हिने पत्र वाचलं. ही म्हणते, पहिल्या प्रयोगाला ती आलीच नव्हती, तापाने घरी झोपून होती. इस्त्रीला तिची थोरली बहीण आली होती. हे सांगून झाल्यापासून ही कपाट आवरते आहे, आणि ते कपाट कालच आवरलेलं होतं. दादा, बापाच्या कामाचं तू सवडीने ठरव, पण स्वतः मात्र उद्याच निघून ये. पहिल्या संचाच्या त्या प्रयोगाला तू पहिल्या रांगेच्या टोकाला होतास, तिथून समोरची विंग दिसते, आणि तुझं निरीक्षण कधी चुकत नाही हे हीसुद्धा मानते. तिथे खरोखर कोण उभं होतं, ते मला मुळीच ऐकायचं नाही. तू फक्त हिच्यासमोर उभा राहा आणि खणखणीत आवाजात सांग, की हीच होती, मी ओळखतो हिला.