तिसरं प्रकरण आणि गांडूळखत

४ फेब्रुवारी

लेकीचं पार्सल आलं. तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण — एकसष्ट पानं! वर चिठ्ठी, "आई, झाडांबद्दल काही चुकलं असेल तर लाल पेनानं खूण कर. बाकीचं नाही वाचलंस तरी चालेल."

चालेल काय चालेल! चाळीस वर्षं रोपवाटिका चालवतेय मी. विषय — क्वीअर सिद्धान्त आणि पर्यावरणीय स्त्रीवाद. पहिलं पान तीनदा वाचलं. डोक्यावरून गेलं.

५ फेब्रुवारी

मंगळवार, म्हणजे खतवाली आली. अकरा वर्षं मंगळवार-शुक्रवार गांडूळखत आणतेय. पोती उतरवायला दहा मिनिटं, चहाला दोन तास. तिला मोतीबिंदू, म्हणून मीच मोठ्यानं वाचलं. बाईला धरणी आणि धरणीला आई म्हणतात ते दोघींना फुकट राबवता यावं म्हणून, असं लेकीचं म्हणणं.

"हे कळायला एकसष्ट पानं?" खतवाली म्हणाली. " माझ्या सासूनं पहिल्याच दिवशी कळवलं होतं."

८ फेब्रुवारी

चूक सापडली! लिहिते, पपईच्या नर झाडाला फळ येत नाही. येतं की कधीकधी! लांब देठाला लटकतं. आम्ही एका खड्ड्यात तीन रोपं लावतो, फुलं आली की नर उपटतो. किती जणांना घाईनं उपटलं असेल मी!

खतवाली म्हणाली, "गांडूळ बघ. नरही तेच, मादीही तेच. तरी जोडीला दुसरं लागतंच." आणि माझ्याकडे बघत चहा फुंकला. उगाच कान तापले माझे.

१२ फेब्रुवारी

आज त्या क्वीअरचा मुद्दा कळला. बाईला राबवायचं तर ती निसर्गासारखी. तिनंच एखाद्या बाईवर जीव लावला तर ती निसर्गाविरुद्ध! निसर्ग की गरजेप्रमाणे ताणायचं रबर?

खतवाली हसली नाही. म्हणाली, मुलगा कायमचं बोलावतोय, नातू सांभाळायला. महिनाअखेरीस निघायचं. खताचा धंदा विकणार.

"बरं झालं, आराम मिळेल तुला," म्हटलं मी. जिभेला काही हाड?

१३ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. गुलाबाची छाटणी करायला घेतली, नुसते खुंट उरले.

१५ फेब्रुवारी

नवरा गेला तेव्हा मी रडले, मनापासून रडले. पण त्याच्या पावलांची वाट अशी कधी बघितली नव्हती. हे बासष्टाव्या वर्षी कळतंय! अक्कल येते म्हणतात, ती एवढ्या उशिरा?

सांगून टाकलं. रोपांना पाणी घालता घालता, तिच्याकडे न बघता. "जाऊ नकोस. इथंच राहा. माझ्याजवळ." बघते तर पाण्याची नळी तिच्याच पायांवर! चपला चिंब. चहा तसाच टाकून गेली.

१९ फेब्रुवारी

मंगळवार. आली नाही.

२२ फेब्रुवारी

आली! पोती नाहीत — दोन बॅगा आणि उशी. मुलाला म्हणे सांगितलं, "नातवाला सुट्टीत इकडे धाड."

लेकीला फोन केला. आधी पपईचं सांगितलं, मग हे. एकसष्ट पानं लिहिणारी माझी मुलगी हळूच म्हणाली, "पण आई... लोक काय म्हणतील?"