तीन चांदण्या दिसेपर्यंत

रविवार, २ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शालोम, आणि तुझ्या खारीचा शि. सा. न.

फोन असताना पत्र का, म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून.

बातमी तुला कळली असेलच. सामुद्रधुनीच्या तोंडाशी लढाई पेटली आणि ह्यांचं जहाज आत अडकलं. कंपनीचा माणूस पहिल्या दिवशी म्हणाला, सगळे सुखरूप आहेत. त्यानंतर त्याचाच फोन लागेना. इंजिन जहाजाचं, पण धडधडतंय माझ्या छातीत.

फोन हाताला चिकटलाय. दुकानात चष्म्याची काच घासताना एक डोळा यंत्रावर, दुसरा बातम्यांवर. परवा एका मास्तरांच्या फ्रेममध्ये डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. बिचारे आमच्याच पायरीवर आपटले. मालकांनी मला यंत्रापासून लांब बसवलंय. घरी सासूबाई आणि मी भांडतो, तेही जाहिराती लागल्या की. तू प्रार्थना म्हणतेस, तेव्हा आमच्यासाठीही म्हण. मला तर तोंड उघडलं की शब्दच आठवत नाहीत.

माया आहेच तुझी, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी खार


शुक्रवार, ७ नोव्हेंबर

चि. खारीस,
अ. उ. आ.

प्रार्थना रोज चालू आहे. पण मी जेवून तुझं पोट कसं भरेल? तू शब्बाथ पाळ, शुक्रवारच्या मावळतीपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत कामाला हात लावायचा नाही. माहेरी पाळायचीस, लग्नानंतर दुकानाच्या गडबडीत बुडवलास. मालकांकडे शनिवारची रजा माग. तसंही तुला लांबच बसवलंय! पुढच्या शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी फोन बंद करून तांदळाच्या डब्यात टाक, मग दोन मेणबत्त्या लाव, डोळ्यांवर हात धर आणि आशीर्वचन म्हण. शब्द सोबतच्या चिठ्ठीवर लिहून देतेय. शनिवारी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत डबा उघडायचा नाही.

आता फणा काढशील, की बातमी आली तर? तुमच्या खालच्या मजल्यावरच्या शिंप्याचा नंबर कंपनीला दे, जावईबापूंनाही शब्बाथचा निरोप धाडून ठेव, पोचेल तेव्हा पोचेल. जिवाचा प्रश्न असेल तर शब्बाथ मोडायचाच असतो, तो आपला नियमच आहे. सुईण असताना मी किती शनिवारी धावत गेलेय! पण काचेवर बोट घासून कुणाचा जीव वाचत नाही. तू बघत राहिलीस म्हणून ते जहाज तरंगतंय, असं वाटतंय का तुला? देवाला एक दिवस तुझ्याशिवाय सांभाळू दे.

असं केलं की जहाज सुटतं, अशी हमी मी देत नाही हं. तू जरा सुटशील, एवढंच.

सासूबाईंना नमस्कार. त्यांना वेगळं पत्र लिहिलं नाही म्हणून रुसू नये.
तुझी आत्या


रविवार, १६ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शालोम, शि. सा. न., आणि एक घट्ट मिठी!

केलं! अगं, खरंच केलं! मेणबत्त्यांवर हात फिरवला, डोळे झाकले आणि आशीर्वचनाच्या मध्येच रडू फुटलं. सासूबाईंनी पुढचे शब्द पुरे केले. त्यांना सगळं पाठ! मी विचारलं, तर म्हणाल्या, तुला कंटाळवाणं वाटेल म्हणून इतकी वर्षं बोलले नाही.

पहिला तासभर मात्र नुसता छळ होता. हात आपोआप खिशात जायचा. दोनदा डब्यासमोर जाऊन उभी राहिले. सासूबाई म्हणाल्या, तांदूळ मोजतेस की काय? मग आम्ही दोघी हसत सुटलो, पार पोट दुखेपर्यंत. शनिवारी दुपारी त्यांनी मला ह्यांच्या लहानपणीचे उद्योग सांगितले. घरातलं घड्याळ ह्यांनी उघडलं आणि जोडल्यावर ते उलटं चालू लागलं म्हणे! आणि मग मी झोपले गं. लढाई सुरू झाल्यापासून पहिल्यांदा, कुशीसुद्धा न बदलता.

संध्याकाळी डबा उघडला. बातमी काहीच नव्हती. भीती होती तिथेच आहे, पण आता ती माझ्या मानगुटीवर नाही, शेजारी बसलीय. पुढच्या शुक्रवारी जहाजावरच्या खानसाम्याच्या बायकोला बोलावलंय. ती आपल्या धर्माची नाही, पण म्हणाली, फोन मीसुद्धा तुमच्या डब्यात टाकू का?

डब्यात अजून जागा आहे, तूही ये. आशीर्वाद चालू असू देत.
तुझी खार


रविवार, २३ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शालोम! नमस्कार नंतर, आधी ऐक!

जहाज सुटलं! सगळे सुखरूप!

काल दुपारी सासूबाई, मी आणि शुक्रवारपासून राहायला आलेली खानसाम्याची बायको, अशा आम्ही तिघी पाव खात बसलो होतो. जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. दारात शिंपी उभा, गळ्यात टेप, दम लागलेला, आणि हातात फोन. तोंडून एकच शब्द, आले, आले! जहाज लढाईच्या टापूबाहेर पडलं होतं आणि माझा निरोप मिळताच ह्यांनी त्याच्याच फोनवर फोन लावला होता. खानसाम्याच्या बायकोनं झडप घातली, नवरा धडधाकट आहे हे ऐकलं आणि सासूबाईंच्या गळ्यात पडली. मग फोन माझ्याकडे आला.

आत्या, माझे हात पुढे गेले आणि अर्ध्यावरच थांबले. आता कळलं होतं, जिवाचा प्रश्न मिटला होता. घ्यावा की नाही? शिंपी गोंधळला आणि त्यानं फोन हवेतच धरला. त्यातून ह्यांचा आवाज आला, अगदी खणखणीत. म्हणाले, घेऊ नकोस, नुसतं ऐक, शब्बाथ शालोम, चांदण्या दिसल्या की पुन्हा फोन करतो. मी नुसती रडले, इतकी मोठ्यानं, की ते त्यांना नक्की ऐकू गेलं असणार. सासूबाईंनी शिंप्याला धरून जेवायला बसवलं.

मग काय, संध्याकाळी आम्ही तिघी गच्चीवर, माना वर करून. पहिली चांदणी मला दिसली, दुसरी खानसाम्याच्या बायकोला. तिसरीला ढग आडवा आला, मेला!

एवढंच सांग, मी ऐकलं ते पाप झालं का?

तुझी, आनंदानं वेडी झालेली खार


गुरुवार, २७ नोव्हेंबर

चि. खारीस,
अ. उ. आ., आज जरा जास्तच.

पाप कसलं डोंबलाचं! कान काही डब्यात घालता येत नाहीत. खरं सांगू? तुझ्या जागी मी असते तर शिंप्याच्या हातातून फोन हिसकावून घेतला असता आणि मग देवाशी भांडत बसले असते. तू माझ्यापुढे गेलीस.

पत्र मी प्रार्थनागृहात सगळ्यांना वाचून दाखवलं. ढगापाशी आले आणि पुढे वाचता येईना, तेव्हा शेजारणीनं पुरं केलं. आता ऐक. समुद्रातून सुखरूप परतलेल्यानं दहा जणांसमोर उभं राहून आभाराची प्रार्थना म्हणायची असते. इथे दहा जण जमवताना एरवी आमच्या नाकी नऊ येतात. या वेळी पत्र संपायच्या आत सगळा बाक उभा राहिला. आजारी पडून असलेल्या म्हाताऱ्यांनीसुद्धा निरोप धाडलाय, आमची खुर्ची पुढे ठेवा.

तेव्हा जावईबापू उतरले की सामानसुद्धा न सोडता इकडे या. सासूबाईंना आण, खानसाम्याच्या जोडीला आण. जावईबापू प्रार्थना म्हणतील आणि आम्ही सगळे मिळून आमेन म्हणू, छप्पर हलेल असं.

वाटेकडे डोळे लावून,
तुझी आत्या